सेकंडहँड युरोपियन स्पोर्ट्स कार घेताय? आधी तिची फाइल वाचा

सातारकरांना गाडी चालवायचा आनंद शोधायला लांब जावं लागत नाही. समर्थ मंदिरावरून निघून यवतेश्वरचा घाट चढला की कासचा रस्ता. बोगद्यातून गेलं की सज्जनगडाचा फाटा, ठोसेघर आणि वर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर, वाईहून पसरणीने पाचगणी. रविवारी पहाटे निघावं, एक लांब फेरी मारावी आणि जेवायच्या वेळेला घरी यावं, असे रस्ते आपल्या दारातूनच सुरू होतात. त्यामुळे एवढ्यासाठी एक खास गाडी असावी असं कुणाला वाटलं तर मला ते अगदी पटतं. हा नाद चांगला आहे. फक्त तो समजून उमजून करावा, कारण इथे फसगत झाली तर ती लाखांत होते.

हल्ली हा विषय बराच निघतो, आणि त्यामागचं कारण सरळ आहे. नवीन मोठ्या एसयूव्हीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात वापरलेली ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, मिनी कूपर एस किंवा स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस मिळून जाते. थोडे पैसे आणखी घातले की पोर्श बॉक्सटर किंवा केमनपर्यंत हात पोचतो. नवी असताना जी गाडी आपल्या आवाक्यात कधीच नव्हती, ती एवढी स्वस्त का होते?

परदेशातून तयार आलेल्या गाडीवर आपल्याकडे भरमसाट आयात शुल्क लागतं, त्यामुळे नवीन गाडीची किंमत मुळातच फुगलेली असते. पहिला मालक वॉरंटी संपत आली की गाडी काढतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या बिलांची धास्ती असते, म्हणून तो पडून भाव मागतो. म्हणजे जी किंमत उतरते ती फक्त गाडीची. तिच्या ब्रेक डिस्कची, वॉटर पंपाची, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटची किंमत उतरत नाही, उलट दर वर्षी थोडी वाढतेच. निम्म्याहून कमी किमतीत घेतलेली बॉक्सटर वर्कशॉपमध्ये गेली की ती पुन्हा नव्या बॉक्सटरच्याच भावाची गाडी असते. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. माझं मत असं, की जेवढे पैसे हाताशी आहेत त्यातला किमान पाचवा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यात गाडी शोधावी. तो हिस्सा पहिल्या वर्षी लागतोच असं नाही, पण तो नसेल तर बारीकशा कामासाठीही गाडी महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली उभी राहते.

आणि म्हणूनच रंग, अलॉय, एक्झॉस्टचा आवाज या सगळ्यांच्या आधी गाडीची फाइल मागावी. सर्व्हिसची बिलं, त्यावर लिहिलेलं किलोमीटर, काय बदललं, कोणतं तेल घातलं. आपल्याकडे किलोमीटर कमी दिसले की गिऱ्हाईक खूश होतं. या गाड्यांच्या बाबतीत तो निकष फसवा आहे. पंचवीस हजार किलोमीटर चाललेली, पण चार वर्षं तेल न बदललेली आणि बंगल्याच्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी ही साठ हजार किलोमीटर नियमित चाललेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची. उभ्या गाडीत रबरी सील कडक होतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, टायरला एका जागी सपाटी येते, एसीचा गॅस गळतो, उंदीर वायरी कुरतडतात.

किलोमीटर खरे आहेत का हे तपासायचा एक उत्तम मार्ग पोर्शच्या कॉम्प्युटरमध्ये असतो, आणि तो फारच थोड्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. इंजिन एकूण किती तास चाललं हे त्यात नोंदलेलं असतं. किलोमीटरला तासांनी भागा. शहर आणि हायवे मिळून चाललेल्या गाडीची सरासरी साधारण तीस ते पन्नासच्या दरम्यान यावी. मीटरवर २०,००० किलोमीटर आणि कॉम्प्युटरमध्ये २,००० तास असतील तर सरासरी ताशी १० किलोमीटर निघते. एवढी हळू बॉक्सटर कुणी चालवत नाही, तेव्हा मीटर मागे फिरवलेला असण्याची दाट शंका घ्यावी. याच कॉम्प्युटरमध्ये इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं याची नोंद सहा टप्प्यांत असते. पहिल्या दोन-तीन टप्प्यांत आकडे असले तर घाबरायचं कारण नाही, मालकाने पाय दाबून गाडी चालवली एवढाच त्याचा अर्थ. वरच्या टप्प्यांत आकडे असतील तर कुणीतरी वेगात असताना चुकून फारच खालचा गिअर टाकला होता. अशी गाडी सोडून द्यावी.

घाटाला कसलं इंजिन लागतं

स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक टॉप स्पीड विचारतात. यवतेश्वरच्या घाटात टॉप स्पीडला काडीचाही अर्थ नाही. तिथे वळण संपताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन कमी फेऱ्यांवर असताना गाडी किती सहज उचलते, याला महत्त्व आहे. ही ताकद टॉर्कने मोजतात आणि ती न्यूटन मीटरमध्ये सांगतात.

त्यात आपल्या भागाची एक खास गोष्ट येते, ती म्हणजे उंची. कासचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आहे, महाबळेश्वर त्याहून वर. वर जावं तशी हवा विरळ होते, आणि साधं, म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढीच घेतं. दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद जाते असा ठोकताळा आहे, म्हणजे कासला पोचेपर्यंत दहा-बारा टक्के गेलीच. टर्बोचं इंजिन हवा दाबून आत भरतं, त्यामुळे त्याला ही तूट फारशी जाणवत नाही. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० चं २ लिटरचं टर्बो इंजिन ३५० न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि तोही खालच्या फेऱ्यांपासून. याउलट ९८१ पिढीच्या (२०१२ ते २०१६) बॉक्सटरचं २.७ लिटरचं साधं इंजिन २६५ पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) असलं तरी टॉर्क २८० न्यूटन मीटरच आहे, आणि त्याची खरी मजा फेऱ्या वर नेल्यावरच येते. घाटात उठावासाठी टर्बो सोयीचं. पण आवाज, आणि पाय दाबल्याबरोबर क्षणात मिळणारा प्रतिसाद, हे हवं असेल तर साध्या सहा सिलिंडरला पर्याय नाही. ज्याला गाडी चालवण्याची मनापासून आवड आहे त्याने दोन्ही चालवून बघावं, नुसते आकडे वाचून ठरवू नये.

इंजिन कुठे बसवलंय यालाही अर्थ आहे. बॉक्सटर आणि केमनमध्ये ते सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ गाडीच्या मधोमध असतं. भरलेली बादली पोटाशी धरून वळणं आणि हात लांब करून वळणं यात जो फरक, तोच इथे आहे. वजन मध्याजवळ असलं की गाडी वळणात पटकन आणि विनासायास फिरते. पसरणीसारख्या एकामागून एक वळणांच्या घाटात हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. टीटी, मिनी, ऑक्टाव्हिया यांचं इंजिन पुढे असतं. त्या वेगात वळणात शिरल्या की नाक बाहेर जायला बघतं, पण ड्रायव्हरला त्याची चाहूल आधी लागते आणि पाय उचलला की गाडी सावरते. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यासाठी हा स्वभाव जास्त बरा, असं मला वाटतं.

गिअरबॉक्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत मोठी बिलं इथूनच येतात. यातल्या बऱ्याच गाड्यांत दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. या क्लचचे दोन प्रकार आहेत. ओला क्लच तेलात बुडलेला असतो, तेल उष्णता वाहून नेतं. कोरड्या क्लचला ती सोय नाही. चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी इंचाइंचाने सरकत असेल तर कोरडा क्लच तापतो. सप्टेंबरात फुलांच्या हंगामात कासच्या रस्त्यावर जी रांग लागते, ती अशा गिअरबॉक्सची परीक्षाच असते. फोक्सवॅगन गटाचा डीक्यू२०० नावाचा सात गिअरचा कोरडा गिअरबॉक्स त्याच्या मेकाट्रॉनिक युनिटच्या, म्हणजे गिअर आणि क्लच हलवणाऱ्या कंट्रोल युनिटच्या, बिघाडांमुळे जगभर गाजला. पोलो जीटी टीएसआयमध्ये तोच होता. ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये मात्र ओल्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. पण ओला असला म्हणून निश्चिंत राहू नका, त्याचं तेल आणि फिल्टर ठराविक किलोमीटरला बदलावे लागतात. फाइलमध्ये ते बिल नसेल तर ते काम झालेलंच नाही असं धरून चाला.

कोणत्या गाडीचं काय दुखतं

प्रत्येक गाडीचं एखादं दुखणं ठरलेलं असतं आणि ते आधी माहीत असलं की बघायला जाताना नजर बरोबर जागी जाते.

पोर्शपासून सुरुवात करू, कारण तिच्याविषयी सर्वांत जास्त अर्धवट माहिती फिरते. २००८ पर्यंतच्या बॉक्सटर आणि केमनच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा असतो. क्रँकशाफ्टकडून फिरणं घेऊन ते व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे पोचवायचं हे त्याचं काम. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग असतं. काळाने त्याच्या आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग झिजतं, आणि ते तुटलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून अख्खं इंजिन जातं. सगळ्याच गाड्यांत असं होतं असं नाही, पण ज्यांच्यात होतं त्यांच्या मालकाला इंजिनच नवीन घ्यावं लागतं. २००६ ते २००८ च्या इंजिनात हे बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, पण बदलायचं म्हटलं तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं. २००९ मॉडेलपासून पोर्शने इंजिनच नवं आणलं आणि त्यात हा दांडा ठेवलाच नाही. त्यामुळे बॉक्सटर किंवा केमन घ्यायची तर २००९ नंतरचीच, हा माझा आग्रह आहे. पैसे असतील तर २०१२ ते २०१६ ची ९८१ पिढी. सहा सिलिंडरचं साधं इंजिन, आणि दुखणी कमी. २०१६ पासून आलेल्या ७१८ पिढीत बहुतेक गाड्यांना चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. घाटात ते जास्त जोरकस, पण आवाजाच्या बाबतीत फार जण हळहळतात.

बीएमडब्ल्यू झेड४ ची ई८९ पिढी २००९ ते २०१६ ची. घडी होऊन मागे जाणारं कडक छत, लांब बॉनेट, दिसायला देखणी. ३५आय मध्ये तीन लिटरचं दोन टर्बोंचं एन५४ इंजिन, ३०६ पीएस आणि ४०० न्यूटन मीटर. ताकद अफाट आहे, पण हे इंजिन मालकाकडून लक्ष मागतं. त्याचा उच्च दाबाचा फ्युएल पंप इतका बदनाम झाला की २०१० मध्ये अमेरिकेत त्यासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. वॉटर पंप विजेवर चालतो आणि फारशी पूर्वसूचना न देता बंद पडतो. इंजेक्टर महाग. टर्बोच्या वेस्टगेटचा, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा, खडखडाट येतो. पंप, इंजेक्टर, वॉटर पंप बदलल्याची बिलं असलेली झेड४ मिळाली तर ती सोनं समजा. मागच्या मालकाने खर्च केलेला असतो आणि तो त्याला किमतीत पूर्ण वसूल होत नाही.

ऑडी टीटीच्या दुसऱ्या पिढीत, साधारण २०१० नंतर आलेलं २ लिटरचं टीएफएसआय इंजिन तेल पितं. पिस्टनच्या रिंगांची रचना हे त्याचं कारण. शिवाय व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या टायमिंग चेनला ताण देणारा टेन्शनर ढिला पडतो. त्यानंतरची, २०१४ पासूनची तिसरी पिढी यातून बरीच सुटली. तिच्यात आणि ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर गळतं, पण ते काम आवाक्यातलं आहे. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी रचना, असलेल्या टीटीत मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचचं तेलही वेगळं बदलावं लागतं, आणि ते हमखास विसरलं जातं.

मिनी कूपर एस घेताना २०१४ नंतरची घ्या. त्यात बीएमडब्ल्यूचं नवं इंजिन आलं. त्याआधीच्या पिढीत टायमिंग चेनची कटकट होती. मर्सिडीज एसएलके ३५० च्या २००८ च्या आधीच्या काही इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा दाता वेळेआधी झिजायचा, म्हणून इंजिन नंबर तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांचं एक सामाईक दुखणं आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हवरून आत जायचं आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुतला जायचा. आता तो धुतला जात नाही, म्हणून त्यावर काजळी साठते, इंजिन थरथरतं, ओढ कमी होते. यावरचा इलाज बघण्यासारखा असतो. अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारतात. चुरा काजळी खरवडून काढतो, पण धातूला ओरखडा येत नाही.

या सगळ्यांत, साताऱ्यात राहून पहिलीच अशी गाडी घेणाऱ्याला मी कोणती सुचवेन? ऑक्टाव्हिया व्हीआरएस. दोन सीटची नाही, छत उघडत नाही, हे मान्य. पण आई-वडिलांना मागे बसवून पाचगणीला जाता येतं, तिचे बरेच भाग फोक्सवॅगन गटाच्या इतर गाड्यांशी जुळतात आणि कुशल मेकॅनिक पुण्यात सहज सापडतात. आपल्याकडे २३० आणि पुढे २४५ या खेपांत ती मोजक्याच संख्येने आली, त्यामुळे चांगली गाडी शोधायला वेळ लागतो. अशी घरगुती गाडी नको, खरी दोन सीटचीच हवी असा हट्ट असेल, तर थांबा, पैसे साठवा आणि चांगल्या फाइलची ९८१ बॉक्सटर घ्या. मधली तडजोड म्हणून स्वस्तातली २००६ ची पोर्श उचलू नका.

बघायला जाल तेव्हा

मध्यंतरी एका मित्रासाठी आम्ही पुण्याला दोन सीटची एक जर्मन कूपे बघायला गेलो होतो. सोबत साताऱ्यातले आमचे मिस्त्री होते. गाडी चकचकीत, विक्रेता अदबीने वागणारा, आणि इंजिन आम्ही पोचायच्या आधीच चालू. मिस्त्रींनी काही न बोलता बॉनेटवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "दादा, गाडी तापवून ठेवलीय तुम्ही. आता बंद करा. आम्ही उद्या सकाळी येतो, तोवर किल्ली लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंडगार होतं. मिस्त्री मागे एक्झॉस्टपाशी उकिडवे बसले, मित्राने बटण दाबलं. पहिले दोन-तीन सेकंद पुढून डब्यात खिळे हलवल्यासारखा कडकडाट आला आणि थांबला. मागून निळसर धुराचा एक झोत निघाला आणि विरला. गरम इंजिनात यातलं काहीच दिसलं नसतं. मिस्त्रींनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून काढली, तेल खालच्या खुणेच्याही खाली. "चेनचा टेन्शनर गेलाय, आणि तेलपण पितीय. इंजिन उघडायचे पैसे यातून वजा करून द्या, मग बोलू." विक्रेत्याने तेवढे पैसे कमी केले नाहीत, आणि मित्राने ती गाडी सोडली. इंजिन थंड असताना चालू करून बघणं ही तपासणी फुकटची आहे आणि तिच्याइतकं खरं बोलणारी दुसरी नाही.

थंड चालू करून झालं की चढावर न्या. पुण्याहून गाडी बघत असाल तर साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा घाट आहे. विक्रेता तयार असेल तर तिथपर्यंत न्या. तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून पाय हळूहळू दाबत जा. क्लच घसरत असेल तर फेऱ्या वाढतात, वेग वाढत नाही. तापमानाचा काटा स्थिर राहतो का बघा. वर जाऊन थांबल्यावर इंजिनभोवती गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क वाकड्या झाल्यात, आणि या गाड्यांच्या चार डिस्क म्हणजे मोठा खर्च.

चाकं बाहेरून सगळेच बघतात. तुम्ही रिमची आतली कड बघा, खड्ड्याने वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली तिथे दिसते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर घाटात ओल्या रस्त्यावर धरत नाही. टायरच्या मापातून आणखी एक गोष्ट कळते. २५५/३५ आर१८ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ३५ टक्के, म्हणजे जेमतेम ८९ मिलिमीटर. २२५/५० आर१७ मध्ये हीच भिंत ११२ मिलिमीटर होते. आपल्या खड्ड्यांत ते २३ मिलिमीटर रिम वाचवतात. दोन मापांचा पर्याय असेल तर लहान रिमची गाडी घ्या, दिसायला थोडी कमी वाटली तरी. स्पीडब्रेकरचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात त्याची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. गावागावांत जे अरुंद उंचवटे घातलेले असतात ते त्यात बसत नाहीत. तुमच्या घरापासून घाटापर्यंतचा रस्ता डोळ्यासमोर आणा आणि गाडी तिरकी घेऊन अशा उंचवट्यांवरून निघते का याचा आधी विचार करा.

छत उघडणारी गाडी असेल तर पाण्याकडे जास्त लक्ष द्या. छताभोवती साठणारं पाणी नळ्यांवाटे खाली जातं आणि त्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात. मग पाणी आत येतं. जुन्या बॉक्सटरमध्ये अलार्मचं कंट्रोल युनिट सीटच्या खालीच असतं, ते भिजलं की गाडी चालूच होत नाही. सीटखालचा गालिचा हाताने दाबून बघा. ओलावा किंवा कुबट वास आला तर विषय तिथेच संपवा.

पुरातली गाडी ओळखायला सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पाण्याने किती गाड्या गिळल्या हे सगळ्यांनी बघितलंय. अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या बाजारात जातात, तसं दूरच्या पुरातल्या गाड्या आपल्याकडेही येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीच्या खोलगट जागेतले सांधे गंजलेले असतील तरी तेच समजा.

कागदपत्रांत कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०. हे नेहमीचंच. महाराष्ट्रातलीच गाडी असेल तर नंबर तोच राहतो, फक्त आरसीवर नाव आणि पत्ता बदलतो. दिल्ली-हरियाणाकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा बडगा आला. पण परराज्यातून आणायची तर एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर असं सगळं करावं लागतं, आणि आयात गाडीवर टॅक्सही जास्त. हा खर्च मिळवून बघितला की स्वस्ताई बहुतेकदा उरत नाही. तयार आयात झालेली गाडी असेल तर सीमाशुल्क भरल्याचं बिल ऑफ एंट्री मागा. शुल्क चुकवून आणलेल्या महागड्या गाड्या महसूल गुप्तचर संचालनालयाने जप्त केल्याची प्रकरणं झालेली आहेत, आणि गाडी गेली की तुमचे पैसे परत कोण देणार? विम्यात मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्ता त्याच्या पावतीवरून गृहीत धरू नका.

गाडी घरी आली की फाइल कितीही चांगली असली तरी इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि गिअरबॉक्सचं तेल एकदा बदलून घ्या, म्हणजे तिथून पुढचा हिशोब तुमचा स्वतःचा. तेलाच्या डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-४० बघून चालत नाही, कंपनीचं मानक लिहिलेलं हवं. पोर्शसाठी ए४०, मर्सिडीजसाठी २२९.५, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांसाठी एलएल-०१. पेट्रोलचं काय लागतं ते टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. पोर्श ९८ ऑक्टेन सुचवते, त्यामुळे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळणारा पंप शोधून ठेवा. कमी ऑक्टेन घातलं तर इंजिनातले ठोके ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे सरकवून इंजिन वाचवतो, पण ताकद जाते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढतं. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा. बॅटरीला मेंटेनर चार्जर लावा, कारण या गाड्यांचे कॉम्प्युटर बंद असतानाही थोडी वीज खात राहतात.

मोठ्या कामासाठी गाडी पुण्याला, पोर्श असेल तर कदाचित मुंबईला न्यावी लागेल. म्हणून विम्यात फ्लॅटबेडवरून उचलून नेण्याची सोय किती किलोमीटरपर्यंत आहे ते वाचूनच सही करा. चाकं टेकवून ओढलेली क्वाट्रो किंवा ऑटोमॅटिक गाडी घरी येईपर्यंत गिअरबॉक्सचं नुकसान करून घेते. आणि ऊस तोडणीच्या हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, पहाटे अंधारात निघत असाल तर या गाड्यांत ड्रायव्हर किती खाली बसतो याचं भान ठेवा. मागे दिवा नसलेली ट्रॉली एसयूव्हीतून जेवढ्या लवकर दिसते तेवढ्या लवकर इथून दिसत नाही. उजाडल्यावर निघा. यवतेश्वरचा घाट तेव्हाही मोकळाच असतो.